सोनकांबळे यांच्या मापाचा तंबू

लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात पेढे वाटले गेले. नांदेडात व्यंकटी सोनकांबळे यांच्या हातात मात्र पेढ्याऐवजी बदलीचा हुकूम पडला. जिल्हा नवा, कार्यालय नवं, टेबल-खुर्च्या मागाहून येतील, माणसं आधी पाठवा, असा एकूण प्रकार होता.

सोनकांबळे यांच्याविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण ती लपवण्यासारखी नव्हती. ते सहा फूट चार इंच उंच होते, आणि रुंदीनंही उंचीला मनापासून साथ दिली होती. बिलोलीकडच्या ज्या खेड्यात ते जन्मले, तिथं कडब्याची गंजी किती उंच रचायची हे सांगताना लोक ‘व्यंकटीएवढी’ म्हणत. नांदेडच्या भाड्याच्या घराला तीन दारं होती आणि तिन्ही चौकटींशी त्यांच्या कपाळाची जुनी ओळख होती. एवढा देह, पण स्वभाव कमालीचा भिडस्त. एस.टी.त आपल्यामुळं शेजारच्याची अडचण नको म्हणून ते उभ्यानं प्रवास करायचे. मग आपण उभे राहिल्यानं मागच्या सहाजणांना पुढचं काही दिसत नाही, याचंही त्यांना वाईट वाटायचं.

बायको विशाखाबाई मुदखेडच्या शाळेत शिक्षिका. त्यांची बदली होण्यासारखी नव्हती, म्हणून घर नांदेडलाच राहिलं. सोनकांबळे लातुरात एक खोली घेऊन राहू लागले आणि शनिवारी संध्याकाळी नांदेडला येऊ लागले.

काम साधं होतं. विहिरीत फीत सोडायची आणि पाणी किती आहे ते वहीत लिहायचं. पण त्या साली पावसानं असा दगा दिला की दिवाळीलाच पोहरे तळाला खरडू लागले. ज्या गावच्या विहिरीचं पाणी ठरावीक रेघेच्या खाली गेलं, तिला सरकारी खर्चानं खोलीकरण मंजूर व्हायचं. पण मोजणी पहाटे करायची, पहिला पोहरा पडायच्या आधी. कारण रात्रभर झिरपून जे पाणी साचतं, तेच विहिरीचं खरं पाणी. दिवसा उपसल्यावर मोजलं तर कुणाचीही विहीर कोरडीच दिसणार. तेव्हा निरीक्षकानं विहिरीजवळ मुक्काम करावा, असं परिपत्रक निघालं. मुक्काम कशात करावा, हे परिपत्रकात नव्हतं.

सोनकांबळे यांच्या वाट्याला अहमदपूर-जळकोटकडच्या डोंगरातली सत्तावीस गावं आली. वाटा पायवाटा. तशी कार्यालयाला एक जीप होती, पण जिल्ह्यांच्या वाटणीत ती जुन्या जिल्ह्याकडं राहिली आणि तिचं लॉगबुक तेवढं नव्या जिल्ह्याला मिळालं. तंबूचंही तेच. कापड इकडं आलं, बांबू आणि खुंट्या तिकडं राहिल्या.

“तंबू हाय ना आपल्याकडं,” कार्यालयाचे बडे बाबू रेणुकादास म्हणाले. ते कागदावर प्रेम करणारे गृहस्थ होते. “नोंद हाय. एक नग.”

“पण साहेब, बांबू न्हाईत.”

“बांबूसाठी पत्रव्यवहार करून राहिलो की मी. तवर कापड तर घेऊन जा.”

ते कापड मेणकापडाचं होतं, जुन्या काळातलं, आणि त्याचं वजन एका तरण्या वासराइतकं होतं. सोनकांबळ्यांनी ते डोक्यावर घेतलं, फीत गळ्यात अडकवली, वही पिशवीत टाकली आणि निघाले. वाटेत तीन गावांनी त्यांना चादरी विकणारा समजून भाव विचारला.

पहिल्या मुक्कामाला त्यांनी दोन बाभळींना दोरी बांधून कापड वर टाकलं. हा तंबू ‘एक कर्मचारी, सरासरी बांधा’ या मापाचा होता. डोकं आत घेतलं की गुडघ्यापासून पाय बाहेर, आणि पाय आत घेतले की छातीपासून माणूस बाहेर. बराच विचार करून त्यांनी डोक्याची बाजू घेतली. पाय काय, ते कुणी ओळखत नाही.

उजाडता उजाडता त्यांना पायाला काहीतरी ओलसर लागलं. एक शेळी अत्यंत तन्मयतेनं त्यांचा डाव्या पायातला मोजा चघळत होती. शेळीच्या मागून तिचा मालक पंढरी आला. त्याला दिसलं एवढंच, की कापडाखालून दोन भलेमोठे पाय बाहेर आलेत आणि हलत नाहीत. (मोजा अर्धा शेळीच्या तोंडात असताना पाय हलवू नये एवढी अक्कल सोनकांबळ्यांना होती.) पंढरी बोंबलत गावात गेला आणि पोलीस पाटलाला घेऊन आला. “मुडदा न्हाई, मी सरकारी माणूस हाय,” हे पाटलाला पटेपर्यंत चांगला अर्धा तास गेला. तोवर बायकांनी विहिरीवर शंभर पोहरे ओढले होते. वहीत लिहायला काही उरलं नाही.

असं एकदा नाही, चार गावांत झालं. कुठं कापड वाऱ्यानं उडालं, कुठं वजनामुळं वाटेतच अंधार पडला. आणि पहाटेचा आकडा नसला की फाईल हलत नव्हती. रेणुकादास फाईल उघडत, बोटानं रिकामा रकाना दाखवत आणि पुन्हा बंद करत. त्यात ओरडणं नव्हतं, म्हणून जास्त लागायचं. त्या रिकाम्या रकान्याच्या मागं एक अख्खं गाव रिकाम्या घागरी घेऊन उभं आहे, हे सोनकांबळ्यांना झोपेतही दिसू लागलं.

शेवटी त्यांनी धीर करून अर्ज केला: मापाचा आणि हलका असा तंबू मिळावा.

रेणुकादासांनी अर्ज दोनदा वाचला. “मापाचा मंजी? तुमची उंची नियमापेक्षा जास्ती हाय, ह्याला पुरावा काय?”

सोनकांबळे उठून उभे राहिले. पंख्याचं पातं थोडक्यात वाचलं.

“तसं न्हाई हो. कागद पाहिजे. डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा.”

डॉक्टर बिचारे भले होते. पण दवाखान्यातली उंची मोजायची पट्टी सहा फुटांवर संपत होती. डॉक्टर स्टुलावर चढले, सोनकांबळ्यांच्या डोक्यावर वही आडवी धरली, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली आणि मग ती खूण मोजायला पट्टीच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. सोनकांबळे म्हणाले, माझ्या गळ्यात विहिरीची फीत आहे. डॉक्टर म्हणाले, ती विहिरीची, माणसाला लावली तर प्रमाणपत्र ग्राह्य धरणार नाहीत. त्यांनी लिहून दिलं, ‘उंची सहा फूट व त्याहून अधिक.’

“अधिक मंजी किती?” रेणुकादासांनी विचारलं, आणि प्रश्न पुन्हा पत्रव्यवहारात गेला.

त्या शनिवारी सोनकांबळे नांदेडला आले ते तोंड पाडूनच. शेजारी अनंतराव राहायचे. हे निवृत्त मास्तर. एके काळी भोकरच्या शाळेत बालवीरांचं पथक चालवायचे आणि अजूनही शिट्टी जवळ बाळगायचे. गल्लीत कुणाला शिंक आली तरी सल्ला घेऊन पहिले हजर. त्यांनी सगळी कर्मकहाणी ऐकली आणि मांडीवर थाप मारली.

“तंबू? अहो सोनकांबळे, माझ्या माळ्यावर आहे की तंबू! बालवीरांचा. कापसासारखा हलका. दोन पोरं आरामात झोपायची.”

“पोरं किती मोठी होती, मास्तर?”

“पाचवी-सहावीतली. पण तुम्ही एकटेच तर आहात!”

हे गणित कुठंतरी चुकतंय असं सोनकांबळ्यांना वाटलं. पण शेजाऱ्याचं मन मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

रविवारी सकाळी गच्चीवर तंबू उभा राहिला. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळं अर्ध्या गच्चीवर विशाखाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. खुंट्या ठोकायला माती नव्हती म्हणून तंबूच्या दोऱ्या तुळशीच्या, कोरफडीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांना बांधल्या. गल्लीतले लोक जमले. एकानं सुचवलं की दोन तंबू घेऊन मधोमध शिवावेत. दुसऱ्यानं सांगितलं, तंबूचा नाद सोडा, मोठी छत्री घ्या. तिसरा म्हणाला, माझा मेव्हणा रोज गुडघे पोटाशी घेऊन झोपतो, सवयीचा भाग आहे, महिनाभरात जमून जातं.

सोनकांबळे रांगत आत शिरले. खांद्यापर्यंत ठीक. कमरेपाशी तंबूनं एक आवाज केला. अनंतरावांनी बाहेरून हुकूम सोडला, “आता सावकाश वळा!” सोनकांबळे वळले. त्यांच्याबरोबर तंबूही वळला. “आता मागं या!” मागं येता येईना. आत हवा कमी पडू लागली तसे ते घाबरले आणि माणूस घाबरल्यावर जे करतो तेच त्यांनी केलं. ते उठून उभे राहिले.

बालवीरांचा तंबू अंगात घालून, डोळ्यांपुढं अंधार, कमरेला तीन कुंड्या लोंबकळताहेत, असा तो सहा फूट चार इंचांचा देह गच्चीवर दोन पावलं पुढं आला. अनंतरावांनी शिट्टी फुंकली. शिट्टीनं सगळे थांबतात असा त्यांचा अनुभव होता, पण सोनकांबळे बालवीर नव्हते. ते आणखी चार पावलं चालले, आणि ती चारही पावलं कुरडयांवरून गेली. कर्रम, कर्रम, कर्रम, कर्रम. मग कात्रीनं कापून त्यांना बाहेर काढावं लागलं. अनंतरावांनी कापताना “काही हरकत नाही” असं तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज ओला झाला होता.

लोक पांगले. सोनकांबळे गच्चीच्या कठड्याला टेकून बसले. विशाखाबाई कुरडयांचा चुरा सुपात भरत होत्या.

“सोडून देतो हा नाद,” ते म्हणाले. “गावात कुणाच्या तरी ओसरीवर पडतो पथारी टाकून. बाकीचे निरीक्षक तसंच करतात.”

विशाखाबाईंनी सूप खाली ठेवलं. “बाकीच्यांना ओसरीवर बसवून चहा देतात. तुमाला आधी आडनाव विचारतात. मग म्हणतात, शाळेची किल्ली मास्तरकडं हाय अन् मास्तर गावाला गेलाय.”

हे सोनकांबळ्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं.

“मी पण खेड्यातलीच हाय,” विशाखाबाई म्हणाल्या. “तंबू घ्यायचाच. आपला तंबू असला की कुणापुढं उभं राहायची गरज न्हाई. चला.”

“कुठं?”

“चाँदपाशाकडं.”

चाँदपाशा हा शाळेच्या पोरांचे गणवेश शिवणारा शिंपी. दुकान एवढं अरुंद की मशीन आत, तर तो स्वतः अर्धा बाहेर. त्यानं मागणी शांतपणे ऐकली, चष्मा कपाळावर ढकलला आणि गिऱ्हाइकाकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. वरपर्यंत पोहोचायला त्याला जरा वेळ लागला.

“बाई, शेरवानी शिवली, बुरखा शिवला, एकदा हत्तीची झूल पण शिवली. तंबू न्हाई शिवला. पण माप घेतलं की सगळं येतं. सायब, झोपा.”

“कुठं?”

“दुकानात तर न्हाई मावणार. रस्त्यावर.”

आणि भर बाजारात, रविवारच्या गर्दीत, नव्या जिल्ह्याचे कनिष्ठ निरीक्षक रस्त्यावर आडवे झाले. चाँदपाशाची फीत छातीलाच संपली. तो दुसरी फीत आणायला आत वळला, तेवढ्यात विशाखाबाईंनी पर्समधून खडू काढला. फळ्यावर नकाशा काढावा तशा त्या नवऱ्याभोवती रेघ मारत गेल्या. लोक जमले. कुणी विचारलं, अपघात झाला का? विशाखाबाईंनी मान वर न करता वर्गातल्या आवाजात सांगितलं, “मागं सरका. प्रकाश आडवू नका.” सगळे सरकले.

“चाँदभाई, डावीकडं हातभर जास्त ठेवा. झोपेत डावीकडं वळतात. पायाकडं बी ठेवा, पाय ताणतात. अन् डोक्याशी जागा सोडा, उठताना दचकून उठतात.”

सोनकांबळे डांबरावर पडल्या पडल्या आभाळाकडं पाहत होते. लाजेनं कान तापले होते. पण बारा वर्षांच्या संसारात आपण कसे झोपतो हे कुणीतरी एवढं नीट पाहून ठेवलंय, हे त्यांना त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी लाज थोडी बाजूला ठेवली आणि पाय पूर्ण ताणून दिले.

चाँदपाशानं आठ दिवस घेतले. जुन्या बाजारातून त्यानं रेशमासारखं पातळ, पण पाणी न झिरपणारं हवाई छत्रीचं कापड मिळवलं. ते फक्त हिरव्या रंगात होतं. काठ्या वेताच्या, मधे सुट्या होणाऱ्या, स्टोव्ह दुरुस्तीवाल्याकडून पितळी नळ्या लावून जोडलेल्या. सगळी गुंडाळी काखेत मावायची. समोरच्या भाजीवालीनं तराजूत टाकून बघितलं तर एका मध्यम भोपळ्याएवढं वजन भरलं. सोनकांबळे आत जाऊन झोपले. डोकं आत, पाय आत, डावीकडं हातभर जागा. त्यांना बाहेर यावंसं वाटेना.

“सायब,” चाँदपाशा म्हणाला, “हा तंबू दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाई. दुसरा माणूस हरवून जाईल आतमधी.”

अनंतराव येऊन तंबूला प्रदक्षिणा घालून गेले. जाताना आपल्या कापलेल्या तंबूच्या खुंट्या देऊन गेले. “माझ्या कुठं कामाच्या आता,” म्हणाले.

राहता राहिला नियम. स्वतःचा तंबू सरकारी कामाला वापरता येतो का? रेणुकादासांनी दोन दिवस नियमांची पुस्तकं उलटी-पालटी केली. तिसऱ्या दिवशी ते सोनकांबळ्यांच्या टेबलाजवळ स्वतः चालत आले. अशी घटना त्या कार्यालयात पूर्वी घडली नव्हती.

“सापडलं. ‘कर्मचाऱ्यास स्वतःचे अंथरूण-पांघरूण वापरण्याची मुभा राहील.’ तंबू मंजी काय? उभं केलेलं पांघरूण. मी तशी टीप लिहून ठेवलीय.” मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, “खोलीकरणाची यादी पुढच्या शनिवारी बंद व्हायलीय. तुमची पाच गावं राहिलीत. चार जुनी अन् एक शेवटलं. बांबूचं पत्र मी अजून चालू ठेवलंय, पण त्याची वाट बघू नका. जा.”

सोनकांबळे निघाले. आता ओझं भोपळ्याएवढं होतं, पाय झपाझप पडत होते. पंढरीच्या गावात आकडा मिळाला. शेळी आली, तंबूभोवती फिरली, कुठूनच पाय दिसेना म्हणून निराश होऊन गेली. पुढच्या दोन गावांतही काम झालं.

चौथ्या गावी मात्र त्यांनी तंबू विहिरीजवळच्या टेकाडावर ठोकला. हिरवं कापड, लांबी भरपूर, उंची बेताची. दिवस उगवायच्या सुमाराला लिंबाजी नावाचा गाडीवान तिथून चालला होता. काल इथं काही नव्हतं आणि आज हिरवी चादर चढवलेली लांबच लांब कबर! त्यानं बैल थांबवले, पटका काढून हातात घेतला आणि गुडघे टेकले. कुणीतरी मोठा पीर रातोरात प्रकट झाला, ही बातमी गावात पोचायला फार वेळ लागला नाही. बायका पोहरे घरीच टाकून धावल्या. कुणी ऊद आणला, कुणी नारळ.

आत सोनकांबळे जागे झाले तेव्हा बाहेर लिंबाजीचा आवाज येत होता, “पीरबाबा, लई हाल व्हायलेत. पाणी द्या.”

बाहेर यावं तर लोक घाबरणार, न यावं तर फसवणूक होणार. ते या पेचात असतानाच उदाचा धूर आत आला आणि ते शिंकले. ती त्यांच्या देहाला शोभेल अशीच शिंक होती. तंबू हलला. लिंबाजी मागच्या मागं पडला. मग दार उघडून सोनकांबळे हात जोडूनच बाहेर आले.

“भिऊ नका. मी पीर न्हाई. पाणी मोजायला आलोय. पाणी द्यायचं माझ्या हातात न्हाई, पण इथं आकडा लिहिला तर विहीर खोल होईल.”

लिंबाजीनं बसल्या जागेवरून त्यांच्याकडं बघितलं. “मंग त्येच तर मागून राहिलो की आमी!”

सगळा गाव टेकाडावर होता, त्यामुळं विहिरीत तोवर एकही पोहरा पडला नव्हता. आकडा स्वच्छ मिळाला. नारळ लोकांनी परत घ्यायला नकार दिला. सोनकांबळ्यांनी तो फोडून सगळ्यांना वाटला आणि उरलेल्या तुकड्यावर सकाळची न्याहरी भागवली.

आता एकच गाव राहिलं होतं, सत्ताविसावं, डोंगराच्या पार टोकाला. शुक्रवारी संध्याकाळी ते तिथं पोचले तेव्हा पायांत गोळे आले होते. विहीर गावाच्या मध्यावरच होती. काठावर धुरपताबाई नावाची म्हातारी पाणी ओढायचा नंबर लावत बसली होती. विहिरीचा सगळा कारभार तिच्याकडंच होता, कारण तिच्याशी भांडायची कुणाची हिंमत नव्हती. सोनकांबळ्यांनी सगळं समजावून सांगितलं. उद्या पहाटे, पहिल्या पोहऱ्याच्या आधी, मोजावं लागेल. कागद उद्याच लातूरला जायला पाहिजे.

“नाव काय म्हनलं?” म्हातारीनं मान मागं टाकून विचारलं.

“व्यंकटी सोनकांबळे. बिलोलीकडचा.”

तिनं ऐकलं. बाजूला उभ्या असलेल्या दोघी-तिघींनीही ऐकलं. सोनकांबळ्यांनी काखेतला तंबू जरा घट्ट धरला.

“बरं,” म्हातारी म्हणाली. “तिकडं लिंबाखाली टाका तुमचं काय हाय त्ये. तिथं जमीन मऊ हाय.”

लिंबाखाली खरोखरच जमीन मऊ होती. तंबू उभा राहिला. सोनकांबळे आत गेले आणि फक्त पाठ टेकावी म्हणून आडवे झाले. डोकं आत, पाय आत. तीन महिन्यांची चाल अंगात होती. पहाटे चारला उठायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा हिरवं कापड उन्हानं उजळून निघालं होतं.

ऊन! ते दचकून उठले. (डोक्याशी जागा होती म्हणून निभावलं.) सात तरी वाजले असणार. गाव कधीच पाणी भरून मोकळं झालं असेल. आज शनिवार. यादी बंद. चार गावांत शेळीनं, वाऱ्यानं, अंधारानं घोळ घातला, पण इथं तो आपल्या झोपेनं घातला. या म्हातारीला आता तोंड कसं दाखवायचं? ते एक बूट पायात आणि एक हातात, असे तंबूतून बाहेर आले.

विहिरीभोवती बायका बसल्या होत्या. पन्नास-साठ तरी असतील. प्रत्येकीपुढं घागर, आणि घागरी कोरड्या. कुणी बोलत नव्हतं. पोरं कडेवर होती, त्यांनाही गप्प केलेलं होतं. रहाटाची दोरी गुंडाळून धुरपताबाई तिच्यावर बसली होती. काठाचा दगड कोरडा ठणठणीत होता. एक थेंब सांडलेला नव्हता.

“उठले का साहेब?” म्हातारी म्हणाली. “मोजा आता.”

“मावशी... उठवायचं की मला!”

“आले होते की उठवायला. चांदणी होती तवा. पर तुमचं घोरणं आयकलं अन् वाटलं, लई दिसानं झोपलंय लेकरू. झोपू द्यावं.” तिनं बाकीच्यांकडं हात केला. “ह्यांना म्हनलं, थांबा जराशीक. आपुन काय, रोजच थांबतो पाण्यासाठी.”

सहा फूट चार इंचांच्या लेकरानं हातातला बूट पायात चढवला. त्यांनी फीत सोडली. खात्रीसाठी पुन्हा सोडली. दोन्ही वेळा आकडा एकच आला. वहीत लिहिला, मोठ्यानं वाचून दाखवला. पाणी रेघेच्या चांगलं खाली होतं. “खोलीकरणात बसतंय, मावशी,” ते म्हणाले. बायकांमध्ये एक कुजबूज उठली आणि घागरी वाजू लागल्या.

धुरपताबाईनं दोरी मोकळी केली आणि पहिला पोहरा स्वतः ओढला. तांब्या भरला आणि म्हणाली, “आधी तुमी प्या. तोंड सुकलंय.”

सोनकांबळ्यांनी काही विचार न करता ओंजळ पुढं केली. लहानपणापासून विहिरीवर हात तसेच पुढं व्हायचे, त्यांना शिकवावं लागत नव्हतं. म्हातारी तांब्या घेऊन टाचा उंच करून उभी राहिली. एकदा ओंजळीकडं बघितलं, एकदा वर त्यांच्या तोंडाकडं.

“आता ह्या ताडाच्या झाडाला वरनं कसं वतू मी? माझा हात तरी पुरतो का तितवर? धरा हो तांब्या!”

आणि तिनं तांब्या त्यांच्या हातात दिला.

सोनकांबळे तांब्याला तोंड लावून प्याले. पाणी मचूळ होतं, तळाचं, थोडी माती लागत होती. ते सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याले, कारण तांब्या खाली घेतल्यावर डोळे दिसले असते. मग त्यांनी तो परत केला. म्हातारीनं तो तसाच पोहऱ्यात बुडवला, भरला, स्वतः तोंडाला लावला आणि तोंड पुसून पुढच्या बाईला ओरडली, “चल गं, नंबर कुणाचा हाय? दिवस डोक्यावर आला.”

दुपारच्या एस.टी.नं सोनकांबळे लातूरला पोचले. रेणुकादास कार्यालय बंद व्हायच्या वेळेला कुलूप हातात घेऊन दारातच उभे होते. ते कधीपासून उभे होते हे त्यांनी सांगितलं नाही. पाचही गावांचे रकाने त्यांनी बोटानं तपासले, सही केली आणि यादी पाकिटात घातली. त्या पाचही विहिरींवर पुढं सुरुंग लागले, आणि सत्ताविसाव्या गावाला तिसऱ्या दिवशी बाजूच्या खडकातून झरा लागला.

“दौऱ्याचा अहवाल तेवढा भरून द्या,” रेणुकादास म्हणाले, “मंजी माझं काम संपलं.”

छापील फॉर्म होता. सोनकांबळे उभ्या उभ्याच भरत गेले. गावं सत्तावीस. चाललेलं अंतर. खालच्या ओळीत छापलं होतं, ‘मुक्कामात आलेल्या अडचणी, सविस्तर’. त्यापुढं बरीच जागा सोडली होती.

त्यांनी पेन क्षणभर हवेत धरलं. मग त्या मोठ्या मोकळ्या जागेत, अगदी मधोमध, स्वच्छ अक्षरात एकच शब्द लिहिला: निरंक.

आणि साडेपाचची नांदेडची गाडी गाठायला निघाले.